कार्डाचा चार्जर

लेक आणि जावई लांबच्या नोकरीवर निघाले, तेव्हा त्यांनी आपली विजेची गाडी आमच्या शेडमध्ये आणून उभी केली. ‘आई, आमच्याकडे नुसती धूळ खात पडणार. त्यापेक्षा तुम्ही वापरा. बाबांना चालवायला मिळेल, तुझं दवाखान्याचं सोपं होईल,’ लेक म्हणाली. एवढ्या लांबून चालवत आणल्यामुळे बॅटरी तळाला गेली होती. जावयांनी समोरच्या पडद्यावरचा आकडा मला बोटानं दाखवला. ‘आता यात कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जायचंही बळ नाही. साध्या प्लगची केबल नेमकी आमच्या सामानात बांधली गेली, आणि सामान तर पुढे गेलंसुद्धा. पण घरी नीट चार्जरच बसवून घ्या ना, म्हणजे कटकट नाही.’ मग दोघं टॅक्सीत बसून गेले.

गाडी शेडमध्ये उभी राहिली आणि मला बरं वाटलं. बरं म्हणजे काय, तर काही वाटलं नाही, आणि त्या दिवसांत तेवढं मला पुरत होतं. चार्जर बसत नाही तोवर ही गाडी हलणार नाही, एवढंच मी मनाशी धरलं.

माझ्या यजमानांना सगळे मास्तर म्हणतात. शाळेतले नव्हेत, गाडी शिकवणारे. उभा जन्म त्यांनी ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर काढला. शिकाऊ माणूस स्टिअरिंगवर, आणि यांच्या पायाखाली यांचा स्वतःचा वेगळा ब्रेक. हात गुडघ्यावर, नजर रस्त्यावर, आवाज अगदी खालच्या पट्टीतला. ‘ब्रेक,’ असं म्हणायचे. समोरच्यानं दाबला तर ठीक, नाहीतर यांचा पाय खाली जायचा आणि गाडी थांबायची. कुणावर ओरडल्याचं मला आठवत नाही. इथल्या दर दुसऱ्या घरात मास्तरांच्या हाताखाली शिकलेलं एक तरी माणूस आहे. पुढे गुडघे धरले तसे क्लास बंद केले, दोन ब्रेकांची ती गाडी विकली, आणि रस्त्यावरच्या खुणांचे फलक अडगळीच्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवले.

गेल्या वर्षी एकदा धाकट्या दिरांची गाडी मागून घेऊन आम्ही ओळखीच्या एकांना भेटायला निघालो होतो. मास्तर गाडीवर, मी शेजारी. मोठ्या चौकात लाल दिवा लागला. मास्तर शांतपणे म्हणाले, ‘ब्रेक.’ मला वाटलं, स्वतःशीच बोलतायत. मग पुन्हा म्हणाले, ‘ब्रेक म्हणतोय ना. ब्रेक.’ दोन्ही हात स्टिअरिंगवर होते आणि ते समोरच्या काचेला सांगत होते. मी खाली पाहिलं. त्यांचा पाय ब्रेक सोडून मॅटवरच्या रिकाम्या जागेवर दाबला जात होता. गाडी लाल दिव्यातून तशीच पुढे गेली. एका बाजूनं ट्रकचा भोंगा वाजला, दुसऱ्या बाजूला एका सायकलवाल्यानं चाक मागे ओढलं. चौक ओलांडल्यावर गाडी कडेला घेऊन मास्तरांनी ती व्यवस्थित उभी केली आणि माझ्याकडे वळून म्हणाले, ‘पाहिलंस? किती वेळा सांगायचं यांना. घाबरले की पाय गोठतो.’

‘कुणाचा?’ मी विचारलं.

त्यांनी स्टिअरिंगवरच्या आपल्या हातांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग इंडिकेटर देऊन, आरशात बघून, गाडी वळवून सरळ घरी आणली. एक चूक नाही. संध्याकाळी दिरांना किल्ली परत देताना म्हणाले, ‘ब्रेक उत्तम आहेत हो तुझ्या गाडीचे.’

हे मी कुणाला सांगितलं नाही. तसं नळ उघडा राहणं, चष्मा लावून चष्मा शोधणं, शेजाऱ्यांना त्यांच्या वडिलांच्या नावानं हाक मारणं, हे सगळ्यांनाच दिसत होतं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या, आणि ‘हळूहळू वाढणार, सांभाळून घ्या’ असं मला बाजूला घेऊन सांगितलं होतं. पण लेक आली की मास्तर असे काही ताठ बसायचे, असे मुद्देसूद बोलायचे, की मी काही सांगितलं असतं तर मीच भ्रमिष्ट ठरले असते. आणि मास्तरांना काय सांगणार? तुम्ही आता गाडीला हात लावू नका? हे वाक्य मी देवापुढे बसून मनातल्या मनात जुळवून पाहिलं, जुळलं नाही. खोटं बोलायचं नाही हा माझा फार जुना नेम. गप्प राहण्याबद्दल त्यात काही नव्हतं, म्हणून मी गप्प राहिले.

गप्प राहून मी चार्जर निवडायला लागले. म्हणजे निवडणं लांबवायला लागले.

जावई फोनच्या पडद्यावरून समजावायचे. अमुक किलोवॅटचा घेतला तर रात्रीत गाडी भरते, तमुक घेतला तर मीटरचा लोड वाढवून घ्यावा लागेल. मी सगळं ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, ‘आधी त्या भिंतीची ओल जाऊ दे.’ ओल खरंच होती. मग मी म्हणाले, ‘आधी अर्थिंग तपासून घेऊ, घर जुनं आहे.’ तेही खरंच होतं. प्रत्येक अडचण खरी शोधून काढावी लागायची, त्यात माझा वेळ बरा जायचा.

मास्तर रोज सकाळी आंघोळ करून, टोपी घालून शेडमध्ये जायचे. गाडीला त्यांनी मुकी असं नाव ठेवलं होतं.

‘काय गाडी आहे का ही! क्लच नाही, गिअर नाही, आवाज नाही. बायको अशी मिळाली असती तर...’

‘तर काय?’ मी विचारायचे.

‘तर जेवायला कधी वाढलंय तेच कळलं नसतं,’ असं म्हणून स्वतःच हसायचे. मग लगेच, ‘चार्जरचं काय झालं?’

‘बघतेय.’

‘तुझं बघणं म्हणजे सोन्याची पारख झाली. पोरगी तिकडे विचारतेय, मी इकडे विचारतोय, आणि ही भिंतीची ओल हुंगतेय.’

शेवटी लेकीनं तिकडूनच वायरमनला फोन केला आणि एका सकाळी तो दारात येऊन उभा राहिला. पिशवी खाली ठेवून तो मास्तरांच्या पाया पडायला वाकला.

‘सर, ओळखलंत का? तुमच्याकडेच शिकलो मी गाडी.’

मास्तरांनी त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं. ‘तू तोच ना रे, रिव्हर्स घेताना दूधवाल्याचे कॅन आडवे केलेस?’

‘तो माझा भाऊ, सर.’

‘मग तू?’

‘मी खांब.’

‘विजेचा?’

‘हो, सर.’

‘आणि तरी याच धंद्यात पडलास. त्या खांबाला तरी विचारायचंस.’

वायरमन पोट धरून हसला. मीही हसले असेन. एवढं जुनं त्यांना अजून आठवत होतं, आणि सकाळची गोळी घेतली की नाही ते मात्र मला विचारावं लागत होतं.

वायरमननं जिन्याखालचा मेन बोर्ड उघडून पाहिलं, फ्रिज, पंप, गिझर काय काय चालतं ते विचारलं, आणि मग ओट्यावर बसून आमच्यापुढे तीन पर्याय मांडले. एक म्हणजे नुसतं जाड सॉकेट. त्यासाठी तसलीच केबल नवी घ्यावी लागेल, आणि चार्जिंगला वेळ फार. दुसरा भिंतीवरचा साधा चार्जर. बंदूक गाडीत खुपसली की चालू. बंदूक म्हणजे केबलच्या टोकाची ती मूठ, तिला हे लोक बंदूकच म्हणतात. तिसराही भिंतीवरचाच, पण त्याला कुलूप. त्याच्याबरोबर दोन कार्डं येतात. कार्ड चार्जरवर टेकवलं तरच वीज सुटते, नाहीतर बंदूक कितीही खुपसा, काही होत नाही.

‘कुलपाचं काय करायचंय आपल्याला?’ मास्तर म्हणाले. ‘गाडी आपली, शेड आपली. साधा लाव. खुपसली की चालू.’

फोनच्या पडद्यातून जावई म्हणाले, ‘बाबा म्हणतात ते बरोबर आहे. किंवा मग मोबाइलवरून चालणारा घ्या, मला इथून सगळं दिसेल.’

‘तुम्हाला तिथून दिसून काय उपयोग जावईबापू, गाडी तर इथे आहे,’ मास्तर म्हणाले.

‘कार्डाचा लावा,’ मी म्हणाले.

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. या घरात पंख्याचा रंगसुद्धा मी कधी निवडला नव्हता.

‘अगं पण का?’ लेकीनं विचारलं. ती जावयांच्या खांद्यामागून डोकावत होती.

‘कुलूप आहे म्हणून.’

‘हं, शेडला दार नाहीये, आई म्हणतात तेही खरंच,’ जावई म्हणाले. ‘येणाजाणारा कुणीही येऊन फुकट चार्ज करून जायचा.’

मी होही म्हणाले नाही आणि नाहीही म्हणाले नाही. वायरमन म्हणाला, ‘मावशी हुशार आहेत.’ मास्तर म्हणाले, ‘आजवर कुठे लपवली होती काय माहीत.’ आणि ठरलं.

त्या दिवशी जप करताना मी तीन-चारदा मणी चुकले. खोटं बोलले नव्हते. पण खोट्यालाच आंघोळ घालून, धुतलेले कपडे चढवून पाटावर बसवलं होतं, एवढं मला कळत होतं. कळलं तरी आत काही हललं नाही. माळ पूर्ण केली आणि भाजी निवडायला बसले.

बसवायचं काम दोन दिवस चाललं. नळाजवळ खड्डा खणून त्यात अर्थिंगची सळई पुरली. जिन्याखालून निघालेली जाड काळी केबल पाइपात घालून अडगळीच्या खोलीतून नेली. त्यासाठी खुणांचे फलक पुढे ओढावे लागले. मास्तरांनी एकेक फलक फडक्यानं पुसला आणि वायरमनची परीक्षा घेतली. ‘हा कसला?’ ‘पुढे अरुंद पूल, सर.’ ‘हा?’ ‘इथे भोंगा वाजवू नये.’ ‘हा?’ वायरमन अडखळला. ‘निसरडा रस्ता,’ मास्तर म्हणाले, ‘म्हणून तर तू खांबावर गेलास.’ भिंतीला छिद्रं पडताना शेडभर पांढरी भुकटी उडाली, ती मुकीच्या काचेवर बसली आणि मास्तरांनी तिच्यावर बोटानं ‘L’ काढला. शिकाऊ गाडीवर असतो तसा.

छातीएवढ्या उंचीवर चार्जर बसला. पांढरी पेटी, समोर हिरवा ठिपका, बाजूला गुंडाळलेली केबल. मला तो देवघरासारखा नाही वाटला, पेटीसारखाच वाटला.

सगळं झाल्यावर वायरमन म्हणाला, ‘आता जो कोणी चार्ज करणार त्यानं एकदा माझ्यासमोर करून दाखवायचं. त्याशिवाय मी काम संपलं म्हणत नाही. सर, तुमच्याकडूनच शिकलोय हे.’

मी पदरात दोन्ही हात घट्ट गुंडाळून उभी राहिले. खरं सांगायचं, मला वाटलं, आता अडखळतील. आता सगळ्यांना दिसेल. मग मला काही सांगायला लागणार नाही.

मास्तर पुढे झाले. गाडी बंद आहे ना ते पाहिलं. झाकण उघडलं, बंदूक घेतली, आत कचरा नाही ना ते पाहिलं, सरळ आत घातली, कट् आवाज येईपर्यंत दाबली. माझ्याकडे हात केला. मी कार्ड दिलं. त्यांनी ते टेकवलं. ठिपका निळा झाला आणि लुकलुकायला लागला.

‘काढताना आधी कार्ड, मग बंदूक,’ ते वायरमनला म्हणाले. ‘गरम असताना ओढायची नाही. आणि केबल जमिनीवर टाकून जायचं नाही, माणूस अडखळून पडतो. नीट गुंडाळून ठेवायची. हे तू सांगायला विसरलास.’

‘विसरलो, सर,’ वायरमन म्हणाला आणि कान पकडले.

चाचणी झाली तशी त्यानं चार्जिंग थांबवलं आणि दुसरं कार्डही माझ्या हातात दिलं. मी दोन्ही कार्डं पोथी बांधायच्या रुमालात ठेवली आणि वर गाठ मारली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर टोपी घालून स्वयंपाकघराच्या दारात आले. ‘कार्ड कुठाय?’

‘माझ्याकडे.’

‘दे. लावून येतो. संध्याकाळपर्यंत भरेल, मग एक चक्कर मारू.’

मी इतके दिवस एकच धरून चालले होते, की कुलूप माझं काम करील. मला बोलायला लागणार नाही. कुलूप असलं की माणूस किल्लीवाल्याकडे येतो आणि मागतो, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आता ते समोर उभे होते, हात पुढे करून.

‘नाही देणार,’ मी म्हणाले.

‘म्हणजे?’

मी गॅस बारीक केला आणि सांगितलं. तो चौक, तो लाल दिवा, ब्रेक ब्रेक म्हणणं, मॅटवरचा पाय, सायकलवाला. सगळं, आहे तसं. माझा आवाज किराणा सांगताना असतो तसाच होता.

मास्तरांच्या चेहऱ्यावर आधी काहीच उमटलं नाही, मग तो लाल झाला. ‘तुला गाडीतलं काय कळतं? निम्म्या शहराला मी शिकवलंय. मी लाल दिवा तोडीन?’

‘तोडलात.’

‘स्वप्न पडलं असेल तुला.’

दिवसभर ते माझ्याशी बोलले नाहीत. जेवायला बसले, पण पानाकडे पाहून. मला वाटलं, चला, झालं एकदाचं. बोलून झालं. आता हे रागावतील, रुसतील आणि मग निवळतील.

पुढच्या दिवशी सकाळी आंघोळ करून, टोपी घालून ते स्वयंपाकघराच्या दारात आले. चेहरा हसरा.

‘कार्ड कुठाय गं? मुकीला भूक लागली असेल.’

माझ्या हातात झारा होता. तो मी खाली ठेवला आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले.

असं रोज सुरू झालं. कधी ते चिडायचे, कधी थट्टेवारी न्यायचे, एकदा नुसतेच खाली बसले आणि दोन्ही तळवे तोंडावर ठेवले. एकदा म्हणाले, ‘माझं लायसन्स अजून चालू आहे,’ आणि पाकिटातून काढून दाखवलं. मी पाहिलं. चालू होतं. आधी मी सकाळी जप करून मग स्वयंपाकाला लागत होते. आता आधी हे सांगून टाकायचे आणि मग माळ हातात घ्यायचे, कारण माळ हातात असताना ते येऊन उभे राहिले की दोन्ही अर्धवट व्हायचं.

लेकीचा फोन आला. ‘कसा चालतोय चार्जर? बाबा खूश?’

मी तिलाही सांगितलं. चौकाचं सांगितलं, कार्डाचं सांगितलं. पलीकडे ती रडायला लागली. मी फोन कानाला धरून ऐकत राहिले. मला रडू येत नव्हतं, आणि तिला गप्प कर म्हणण्यात काही अर्थ नव्हता.

‘तू तेव्हाच का नाही सांगितलंस? आम्ही गाडी ठेवलीच नसती.’

‘तुम्ही निघाला होतात.’

‘आणि आता रोज सांगतेस? रोज? आई, ते विसरतात ना. मग त्यांच्यासाठी ते रोज नवंच असतं. रोज पहिल्यांदा ऐकतात ते. का छळतेस त्यांना? चार्जर बिघडलाय म्हण ना सरळ. उद्या परत विचारतील, परत म्हण.’

जावईही मागून म्हणाले, ‘यात पाप नाही, आई.’

मी ‘बघते’ म्हणाले. पाप-पुण्याचा हिशेब मी तेव्हा करत नव्हते. माझ्यात तेवढी ताकदच नव्हती. लेकीचं बोलणं मला पटलंसुद्धा. रोज सकाळी मास्तरांचा चेहरा उतरताना मी पाहत होते. मी नाही म्हटलं की सकाळचा तो हसरा माणूस दुपारपर्यंत सापडायचा नाही.

म्हणून दुसऱ्या दिवशी ते दारात आले, तेव्हा मी पाठ वळवून भांडी घासत राहिले. नळ मोठा सोडला. ‘कार्ड कुठाय?’ त्यांनी दोनदा विचारलं. मी ऐकलंच नाही असं दाखवलं. मग ते बाहेर गेले आणि त्यांनी वायरमनला फोन लावला. माझ्या लेकीनं त्याच्या कानावर घातलं असावं. मला ओट्यावरून ऐकू आलं.

‘काय रे खांब्या, चालत नाही तुझा चार्जर... काय?... पार्ट?... बरं बरं. कधी येतोयस?... आज? ये मग. मी आहे इथेच.’

तो आज येतो म्हणाला असणार, वेळ मारून न्यायला. भला माणूस. उद्यापर्यंत विसरतील हे त्याला माहीत होतं.

पण तो दिवस काही विसरण्यात गेला नाही. मास्तरांनी शेडमध्ये खुर्ची नेली आणि चार्जरच्या शेजारी मांडली. पायात बूट घातले. जेवायला बोलावलं तर म्हणाले, ‘मी आत गेलो आणि तो येऊन गेला म्हणजे?’ ताट मी तिकडेच नेलं. दोन घास खाल्ले. फाटकाबाहेर सायकल वाजली की उठून उभे राहायचे, टोपी नीट करायचे आणि पुन्हा बसायचे. मी दोनदा जाऊन म्हणाले, ‘आत चला.’ ‘पार्ट आणतोय तो,’ ते म्हणायचे. बाकी सगळं निसटत होतं, पण कुणीतरी येणार आहे एवढं मात्र त्यांनी घट्ट धरून ठेवलं होतं. दिवेलागणीला मी बाहेर गेले, तेव्हा ते तसेच ताठ बसलेले होते. बुटात पाय सुजले होते. मी खाली बसून नाड्या सोडल्या.

‘विश्वासाची माणसं राहिली नाहीत,’ मास्तर म्हणाले. ‘माझा विद्यार्थी असून.’

मी वायरमनला फोन करून सांगितलं की यापुढे असं काही बोलू नको. तो म्हणाला, ‘मावशी, मी तुमच्यासाठीच...’ मी म्हटलं, ‘माहीत आहे रे बाबा.’ लेकीलाही कळवलं. ती म्हणाली, ‘मग काय करणार तू?’ तिनं मग गाडी घेऊन जायला कुणाला तरी पाठवते असं सांगितलं, पण इतक्या लांबून जमवाजमव व्हायची तर वेळ लागणार होता.

सकाळ झाली. मी दूध तापवून बाजूला ठेवलं, गॅस बंद केला आणि आज स्वयंपाकघरात थांबले नाही. त्यांची आंघोळ होईपर्यंत बाहेरच्या खोलीत दोन खुर्च्या समोरासमोर मांडल्या आणि एकीवर बसून राहिले. ते टोपी घालून आले.

‘कार्ड कुठाय?’

‘माझ्याकडे आहे. बसा. एक सांगायचंय.’

ते बसले. मी सांगितलं. या वेळी सावकाश सांगितलं. ट्रकचा भोंगा कुठल्या बाजूनं आला तेही सांगितलं. मास्तर मान खाली घालून ऐकत होते. कुणाच्या परीक्षेचा निकाल द्यायचा असला की ऐकायचे तसे.

‘गाडीवर कोण होतं?’ त्यांनी विचारलं.

‘तुम्ही.’

त्यांनी मान वर केली नाही. ‘आणि शेजारी?’

‘मी.’

‘मग तू का नाही दाबलास?’

‘माझ्या बाजूला ब्रेक नव्हता.’

‘अगं मग बसलीस कशी तू त्या गाडीत?’ आता त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आवाज अगदी खालच्या पट्टीतला, शिकवतानाचा. ‘असा माणूस गाडीवर असताना शेजारी ब्रेक नसेल तर बसायचं नसतं. कुणीही असो. लागलं असतं ना तुला.’

मी मान हलवली.

‘त्या सायकलवाल्याला लागलं का?’

‘नाही.’

‘नक्की?’

‘नक्की. मी वळून पाहिलं.’

ते उठले. खिशात हात घालून त्यांनी मुकीची किल्ली काढली आणि माझ्या हातावर ठेवली. माझी बोटं स्वतःच्या हातानं मिटवली. ‘ही पण ठेव. मागितली तरी द्यायची नाही.’

‘बरं.’

‘कुणालाच.’

‘नाही देणार.’

ते खिडकीपाशी गेले. बाहेर ऊन आलं होतं, कुणीतरी फाटकावरून हात करून गेलं, त्याला यांनी हात केला. मी किल्ली रुमालात कार्डांबरोबर बांधायला घेतली. गाठ बसत नव्हती म्हणून सोडून पुन्हा मारली. मागून त्यांच्या खिसे चाचपण्याचा आवाज आला. आधी पँटचे, मग सदऱ्याचा, मग पुन्हा पँटचे.

‘काय गं,’ मास्तर हसत म्हणाले, ‘छान ऊन पडलंय. निघायचं ना आपल्याला? किल्ली कुठे ठेवली मी?’

रुमाल माझ्या मांडीवर होता. समोरची खुर्ची अजून तशीच होती.

‘सांगते,’ मी म्हणाले. ‘आधी बसा.’